ड्रायव्हरचं प्रशिक्षण निवडताना

स्वस्त कोटेशनवर आधी सही करू नका. संस्थेला एवढंच विचारा: ड्रायव्हर प्रत्यक्ष स्टेअरिंगवर किती तास बसणार? आमच्या पहिल्या वेळी दिवसभर फक्त स्लाइड दाखवल्या, आणि पुढच्याच आठवड्यात आमचा टेम्पो बोरघाटात न्यूट्रलवर उतरत होता. मला अजून धडकी भरते. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो; सतत दाबून ब्रेक तापतात, मग धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये उतरणं घाटातच, शेजारी प्रशिक्षक बसवून शिकवावं लागतं. ताशी 80च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, हेही मैदानावर दाखवायला सांगा.

पुण्यात भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. धोकादायक मालाचा टँकर असेल तर तीन दिवसांचा कोर्स कायद्यानेच लागतो.

आणि हो, प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगार कापू नका. रात्रपाळी करून आलेल्याला तर मुळीच पाठवू नका.