बँक प्रमुखांचा पगार सरकार ठरवते का? २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर काय बदलले?

प्रश्न वडोदऱ्यातून आलेला असल्याने तिथूनच सुरुवात करतो. सयाजीराव गायकवाडांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली बँक ऑफ बडोदा १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापासून सरकारी असल्यामुळे तिच्या प्रमुखांचे वेतन केंद्र सरकार ठरवते. खासगी बँकांच्या प्रमुखांची नेमणूक आणि वेतन यांना मात्र बँकिंग नियमन कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते, आणि हा अधिकार त्या संकटाच्या कितीतरी आधीचा आहे.

संकटानंतर बदलली ती पगाराची रचना. खासगी बँकांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या निर्देशांनुसार एकूण वेतनाचा निदान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून हवा, तो स्थिर वेतनाच्या तिपटीहून अधिक नसावा आणि त्यातील किमान ६० टक्के रक्कम तीन किंवा अधिक वर्षांत विभागून द्यावी. समजा, एखाद्याचे स्थिर वेतन १ कोटी आणि बदलते २ कोटी आहे, तर त्यातले १ कोटी २० लाख लगेच हाती पडत नाहीत. मधल्या काळात त्याच्या निर्णयांमुळे बँकेला खोट आली, तर ती रक्कम रोखता येते, दिलेलीही परत मागता येते. (हे प्रत्यक्षात वाटते तेवढे सोपे नाही.) अमेरिकेने २००९ मध्ये सरकारची विशेष मदत घेणाऱ्या बँकांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वार्षिक पगारावर ५ लाख डॉलरची मर्यादा जाहीर केली होती; त्यापेक्षा मला ही पद्धत अधिक परिणामकारक वाटते, कारण ती रकमेपेक्षा जोखमीला लगाम घालते.