रिव्हर्सिबल कम्प्युटिंगमागे खरंच गणित आहे का, की नुसती गेट्सची जुळवाजुळव? आणि त्याने वीज वाचते का?

गणितच आहे. गेट्स नंतर येतात.

रिव्हर्सिबल म्हणजे आउटपुटवरून इनपुट परत काढता येईल असं गणन. अँड गेट (दोन्ही इनपुट १ असतील तरच १ देणारं) असं उलटं चालत नाही: ० आला तर इनपुट ००, ०१ की १० होते, हे कळत नाही. रिव्हर्सिबल सर्किट म्हणजे सगळ्या बिट-अवस्थांचं परम्युटेशन, म्हणजे फेरमांडणी: कुठल्याही दोन अवस्था एकाच जागी जाऊन पडत नाहीत. एवढं मान्य केलं की पुढचं सगळं ग्रुप थिअरीच्या, म्हणजे अशा फेरमांडण्यांच्या गणिताच्या, ताब्यात जातं. नेमकं हेच काही लोकांना पटत नाही.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवत होतो. कॉम्प्युटरच्या पोरांना ग्रुप थिअरी कशाला, असं म्हणून तिथल्या एका ज्येष्ठ सरांनी तो इलेक्टिव्ह बंद करायला लावला. त्यांच्याच विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट होता: क, ख, ग, घ अशा चार तारा, आणि पहिल्या तिन्ही १ असतील तेव्हाच घ उलटायची (० चा १, १ चा ०). वापरायचं काय, तर फक्त तीन गेट्स: नॉट (एक तार उलटवतं), सीनॉट (एक तार १ असेल तर दुसरी उलटवतं) आणि टोफोली (दोन तारा १ असतील तर तिसरी उलटवतं). प्रोग्राम रात्रभर शोधत बसायचा, सर्किट काही सापडेना. सर म्हणाले, मोठं मशीन घ्या.

ती माझ्याकडे आली. टोफोली तीन तारांवर एकच अदलाबदल करतं, ११० आणि १११ ची. पण चौथी तार बाजूने नुसती जात असली तरी ती ० असेल किंवा १, म्हणून अदलाबदली दोन होतात. चार तारांवर सीनॉटच्या ४ होतात, नॉटच्या ८. सगळी परम्युटेशन्स सम, म्हणजे अदलाबदलींची संख्या सम, आणि सम परम्युटेशन्स कितीही जोडा, समच राहणार. तिला हवी होती फक्त १११० आणि ११११ ची अदलाबदल. एकच, म्हणजे विषम. कितीही मोठं मशीन आणा, जे नाहीच ते सापडणार कुठून?

पाचवी तार घेतली की चार टोफोलींत काम होतं. क-ख वरून पाचवी उलटा, पाचवी-ग वरून घ उलटा, मग हीच दोन पावलं पुन्हा. पाचवीत आधी काहीही असो, ती होती तशी परत मिळते. पोरीने जागच्या जागी करून बघितलं आणि अहवालात पूर्ण सिद्धता लिहिली. सरांनी ते पान काढायला लावलं: सर्किट दाखवा, सिद्धता नको. त्या पानाचा राग मला अजून आहे. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये टिकण्यासारखं तेवढंच होतं.

म्हणून सांगतो, गेट्सच्या लायब्रऱ्या नंतर बघा, आधी सम-विषम परम्युटेशन्स पक्की करा. आणि कुणी म्हणालं की कॉम्प्युटरवाल्यांना याचा उपयोग नाही, तर त्याला वरचं चार तारांचं कोडं घाला.

विजेचं म्हणाल, तर १९६१ मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअरने दाखवलं की एक बिट पुसला की ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच: बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम. १९७३ मध्ये चार्ल्स बेनेटने दाखवलं की न पुसताही कोणतंही गणन करता येतं: हिशेब करा, उत्तराची कोऱ्या जागेत नक्कल घ्या, मग तोच हिशेब उलटा चालवून मधल्या पायऱ्यांच्या आकड्यांचा कचरा पुन्हा होता तसा कोरा करा. मात्र आजच्या चिप्स त्या किमान मर्यादेच्या कितीतरी पट जास्त उष्णता टाकतात, आणि नुसतं सर्किट रिव्हर्सिबल केल्याने बिल कमी होत नाही. ते सावकाश चालवावं लागतं, शिवाय मधल्या कचऱ्यासाठी मेमरी जास्त लागते.