खाडीचं तोंड वाळूने बुजतंय, विहीर मचूळ झालीय. तोंडाशी बंधारा घालावा का?

तुम्ही खानापूरचे, मामांची खाजण शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती) कारवारकडे. गाववाले म्हणतात, खाडीच्या तोंडाशी पक्का बंधारा घालून समुद्र कायमचा अडवू.

कृपा करून ते होऊ देऊ नका. भरती-ओहोटीचं पाणी जितकं जास्त आत-बाहेर करतं, तितकं तोंड मोकळं राहतं. ते अडवलं की ओहोटीचा जोर जातो आणि नदीची माती आतच बसते. ओडिशातल्या चिलिका सरोवराची समुद्राकडची वाट गाळाने भरत गेली, तसं पाणी गोडं झालं, पाणगवत माजलं, मासळी घटली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या अभ्यासानंतर २३ सप्टेंबर २००० रोजी तिथे नवं तोंड उघडलं. वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली आणि मासळी परतली.

तुमच्याकडे वाळूच काढायची असेल तर आधी सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमनाच्या नियमांखालची परवानगी घ्या. आत पाणी चढलेलं असताना, ओहोटी लागतालागता तोंड फोडा. बाहेर पडणारं पाणीच ते रुंद करतं.

खारं पाणी अडवायचं ते शेताच्या बांधावर. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची झडप खाडीच्या बाजूला उघडणारी हवी: ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून निघतं, भरती तिला दाबून धरते. बिघडतं ते बहुतेकदा झडपेखालच्या उंबऱ्यावर. काटक्या, प्लास्टिक, कालवं अडकून बोटभर फट राहते आणि रोजच्या दोन्ही भरत्या तिथून आत शिरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी उंबरा खरवडून काढा. खेकड्यांची बिळं खणून चिकणमातीने ठेचून भरा. नुसतं तोंड लिंपलेलं बीळ आतून वाढतं आणि बांध तिथेच फुटतो.

पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडा, मुरू द्या, ओहोटीला सोडा, पुन्हा कोंडा. खारटपणा मोजणाऱ्या ईसी मीटरवर आकडा ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या खाली आल्याशिवाय लावणी नको. कुमट्याकडचं कग्गा भात यापेक्षा जास्त मीठ सोसतं.

राहिली विहीर. आपल्याकडे पाणी आटलं की विहीर खोल करतात, नाहीतर बोअर मारतात. किनाऱ्यावर तोच उपाय घात करतो. तिथे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत पुरतं. म्हणजे वरची पातळी हातभर जरी कायमची उतरली, तरी खालून खारं पाणी कितीतरी वर सरकतं. मोठा पंप काढून लहान बसवा, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं उपसा आणि फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाण्यातलं टोक) तळापासून वर घ्या.