गाडीच्या कापडी सीटचा बेज रंग घरच्या घरी काळा करता येईल का?

येईल, पण बादलीत रंग कालवून नाही. बहुतेक गाड्यांच्या सीटचं कापड पॉलिएस्टरचं असतं. सुती कपड्यांना लावतो तो पुडीतला रंग पॉलिएस्टर धरतच नाही. त्याला लागणारा वेगळा रंग उकळत्या पाण्यात, कारखान्यात तर 130 अंशांच्या आसपास चढवतात. सीट काही पातेल्यात उकळता येत नाही! वरून ओतलात तर रंग खालच्या फोममध्ये मुरेल आणि घाम आला की पांढऱ्या शर्टाची पाठ काळी होईल.

मग उरतो अपहोल्स्ट्रीसाठीचा, म्हणजे सीट-सोफ्याच्या कापडासाठीचा रंगाचा स्प्रे. तो धाग्यात मुरत नाही, वर थर देतो. आधी सीट व्हॅक्यूम करा, शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा (पावसाळ्यात या भानगडीत पडूच नका, फोम कुबट होतो). प्लॅस्टिक आणि सीटबेल्ट कागदाने झाका, दारं सताड उघडी ठेवा. सीटच्या मागे, न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्या. मग पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर मऊ ब्रशने कापड मोकळं करा. तरी थोडा कडकपणा येतोच. फिक्यावरून गडद जमतं, उलटं नाही.

खरं सांगू? डाग लपवायचे असतील तर आधी नीट ड्रायक्लीनिंग करून बघा. रंगच बदलायचा असेल तर मापाचं कव्हर शिवून घेणं बरं. फक्त सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लिहिलं असेल, तर तिथली शिवण फाटून एअरबॅग उघडेल असंच कव्हर घ्या.