पाव तास पुरेल

प्रिय तरुण मित्रा,

आपल्या येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मसंघात, नवी मुलं बोलावण्याचं, पाचारणाचं काम तुझ्याकडे आल्याचं कळलं. पत्रकाचा मसुदाही वाचला. फुटबॉल खेळणारे हसरे ब्रदर छान दिसतात, पण आम्हा म्हाताऱ्यांपैकी एकाचाही फोटो नाही. का रे? घरात काठ्या वाढल्यात हे येणाऱ्या पोराला चार दिवसांत दिसणारच. ते तूच आधी सांग. आकडेही सांग. १९६५ च्या सुमारास येशूसंघात जगभर ३६ हजार माणसं होती, आज १४ हजारांच्या आसपास आहेत.

माझ्या लहानपणी वसईत घरोघरी सहा-सात मुलं असायची. एक देवाला दिलं तरी वाडी ओस पडत नसे. आता एकुलत्या एका मुलाच्या आईने नाही म्हटलं, तर तिची श्रद्धा आटली असं प्रवचनात बोलू नकोस. तिच्याकडे चहा पी आणि काही न मागता ऊठ.

संघच मोडला तर काय कराल, या प्रश्नावर आपले संस्थापक संत इग्नेशियस म्हणाले होते की पाव तास प्रार्थना केली की मन थाऱ्यावर येईल. १७७३ मध्ये पोपनी तो खरोखरच बरखास्त केला आणि १८१४ मध्ये पुन्हा उभा राहू दिला. मधल्या काळात रशियात आपली माणसं टिकली, कारण कॅथरीन राणीला त्यांच्या शाळा हव्या होत्या. तिने पोपचं फर्मान लागूच होऊ दिलं नाही. कुणाला तरी आपली गरज होती, एवढंच.

म्हणून माणसं शोधण्याआधी काम शोध, हा माझा हट्ट. फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडचे. नगरच्या दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोटाची कामं उभी केली, आणि तीही गावाने आधी श्रमदान करायचं, मोकाट चराई थांबवायची, या बोलीवर. थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. इंग्रज माणूस, पण ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठी ओवीत. आणि आपल्याला अजून मुलांशी त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलताना अडखळायला होतं.

माझी वीस वर्षं शाळेचे प्रवेश आणि पगारपत्रकं यांत गेली. ते काम एखाद्या प्रापंचिक मुख्याध्यापकाने माझ्याहून नेटकं केलं असतं. तू त्यात अडकू नकोस. विरार लोकलला लोंबकळत रात्री दहाला नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत परतणारी पोरं बघ. रविवारी ती कुठे जातात, कुणाशी बोलतात? प्रांतीयांना, म्हणजे आपल्या प्रांताच्या प्रमुखांना, पत्रक छापायच्या पैशांत तिथे एक खोली घेऊ का, असं विचारून बघ. ओरडतील. नंतर देतील.

इकडे येताना दोन मुलं घेऊन ये. पाचारणाचा विषय काढू नकोस. शेजारच्या खोलीतल्या फादरांची दृष्टी गेली आहे, त्यांना रोजचा पेपर वाचून दाखवायला कुणी हवं आहे. क्रिकेटचं पान आधी.

तुझा,
एक म्हातारा फादर