वाळीत टाकलेल्या घराची बातमी

माझ्या तरुण सहकारी मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या बातमीचा कच्चा मजकूर काल रात्री दोनदा वाचला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी वाडीतल्या प्रत्येक अंगणात नाचते आणि एका घरापुढून मात्र न थांबता निघून जाते, हा प्रसंग तू नेमका टिपला आहेस. ओटीचा खण आणि नारळ ताटात तसाच राहिला, या ओळीशी मी बराच वेळ थांबलो. तरीही हा मजकूर या आठवड्यात छापायला देऊ नकोस, असे मला वाटते.

पहिले कारण माझ्याच एका चुकीतून आलेले आहे. उमेदवारीच्या काळात मी अशाच एका कुटुंबाची बातमी केली होती. नाव छापू नका, असे त्यांनी विनवले म्हणून मी नाव वगळले आणि दिलेला शब्द पाळला या समाधानात राहिलो. मात्र मजकूर जिवंत व्हावा म्हणून मी त्यांच्या दारातला सोनचाफा लिहिला, जांभ्या दगडाचा अर्धवट राहिलेला गडगा लिहिला, मुंबईत टॅक्सी चालवणारा धाकटा मुलगा लिहिला. कोकणातल्या वाडीला घर ओळखायला एवढे पुरते. अंक गावात पोहोचला त्याच दुपारी ते घर सर्वांना कळले, आणि त्या घराशी परसातून चोरून बोलणारी एकच शेजारीण होती, तिनेही येणे बंद केले. पुढे मी गेलो तेव्हा घरातली म्हातारी माझ्यावर रागावली नाही. तिने तांब्याभर पाणी दिले आणि “पुन्हा येऊ नका” एवढेच म्हणाली. तुझ्या मजकुरात विहिरीचा रहाट आहे, मुलीची नर्सिंगची परीक्षा आहे, घराचा निळा रंग आहे. हे तिन्ही काढ. मग मजकूर त्या कुटुंबाला पूर्ण वाचून दाखव, आणि नाव उघड करायचेच असेल तर तो निर्णय त्या घरातल्या सर्वांनी, विशेषतः तिथे रोज राहणाऱ्या बायकांनी, घेतलेला असू दे.

दुसरे असे की, घराचे दुःख तू पुष्कळ लिहिले आहेस. ते ज्यांनी घडवले त्यांच्याविषयी मात्र “गावाने वाळीत टाकले” एवढेच वाक्य आहे. गाव कधीच काही ठरवत नाही. ठराविक माणसे एका ठराविक दिवशी बैठकीत बसून ठरवतात. ती बैठक देवळाच्या सभामंडपात झाली की पालखी टेकवायच्या सहाणेवर, कोणत्या मानकऱ्याने विषय काढला, त्या घराशी बोलणाऱ्यास किती दंड ठरला, त्याची नोंद गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या पंचायतीच्या, वहीत आहे का, हे शोध. पुष्कळदा निर्णय गावात होतही नाही, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेत होतो आणि चाकरमान्यांबरोबर गावी येतो. तेव्हा तुला मुंबईलाही जावे लागेल. बहिष्काराचा फोटो निघत नाही, पण त्याचा माग राहतो. मला एकदा तो वाण्याच्या उधारीच्या वहीत सापडला होता. एका कुटुंबाच्या पानावर दर दोन-चार दिवसांनी तांदूळ, गोडेतेल, काडेपेटी अशा नोंदी होत्या. एका तारखेनंतर पान कोरे होते आणि बाकी शून्य केलेली होती. ती तारीख बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची निघाली.

मूळ भांडण कशाचे, हेही तुझ्या मजकुरात नाही. देवस्थानाची वर्गणी थकली, हे कारण लोक सांगतात. सातबारा उतारा पाहिलास की कदाचित सामाईक जमीन, आंब्याच्या कलमांचा वाटा किंवा अडवलेली पायवाट निघेल. तलाठ्याकडे एक दिवस घालव. आपल्या भागात खोतीचा, म्हणजे खोतांच्या जमीनदारीचा, इतिहास आहे, चरी गावच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा चाललेला संप आहे. जमिनीची आणि मानाची भांडणे इथे एकमेकांत गुंतलेली असतात.

कायद्याचा भाग अचूक असू दे. बहिष्काराविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरवला होता. त्यानंतर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. रायगड जिल्ह्यातून सातत्याने आलेल्या तक्रारींचा त्यात मोठा वाटा होता. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. गुन्हा नोंदवला गेला की नाही, नसल्यास पोलिसांनी लेखी काय कळवले, हे विचार.

पंचांशीही बोल, आणि त्यांना खलनायक ठरवून जाऊ नकोस. हीच गावकी पावसाळ्याआधी पाखाडीची दगडी वाट साफ करते, वणवा विझवायला धावते, एकट्या म्हातारीच्या मयताला खांदा देते. म्हणून तर तिच्या बाहेर पडणे इतके जीवघेणे असते. हे तू वाचकाला समजावले नाहीस तर पुण्या-मुंबईचा वाचक “ते लोक पोलिसांत का जात नाहीत?” असे विचारून पान उलटेल.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आपण ६ जानेवारीला ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्रासाठी आठवतो. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे राहिल्यामुळे जातीबाहेर पडलेल्या श्रीपती शेषाद्री या मुलाला त्यांनी १८४३ साली प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घेण्यासाठी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष स्वतःवर ओढवून घेतला, हेही आठवत जा. वाळीत टाकण्याचा प्रश्न मराठी पत्रकारितेच्या अगदी पायाशी आहे.

आता जूनपर्यंत थांब. तोवर कागद गोळा कर, त्या घरी बातमीशिवायही जाऊन ये. पाऊस लागला की भाताची लावणी सुरू होईल. एकमेकांच्या शेतात उतरल्याशिवाय तिथे कोणाचीच लावणी उरकत नाही. त्या कुटुंबाच्या मळ्यात रोपे काढायला कोण येते, किती हात येतात, बांधावरून कोण बघत उभे राहते, ते स्वतः चिखलात उभी राहून मोज. मग मजकूर पुन्हा लिही आणि मला पाठव.

तुझा शुभचिंतक