रिलीज ट्रेन आणि बोर्डावरचे लाल दोरे

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. आमची नऊ जणांची टीम स्क्रम पद्धतीने, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांत, व्यवस्थित काम करीत होती. आता एका परदेशी बँकेच्या प्रकल्पासाठी अशा अकरा टीम एकत्र आणून त्यांची ‘रिलीज ट्रेन’ केली आहे. पीआय प्लॅनिंग, डब्ल्यूएसजेएफ, डिपेंडन्सी बोर्ड हे शब्द रोज कानावर पडतात. ही नुसती नवी परिभाषा आहे, की कामातही काही बदलते? – एक वाचक, पुणे

उत्तर : बदलते, पण शब्दांमुळे नव्हे. नऊ माणसांत बोलणाऱ्यांच्या जोड्या ३६ होतात, तर शंभर माणसांत ४,९५०. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे सतरा जणांनी अजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि बदल सामावून घेत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने लहान टीम होत्या. पुढे मोठ्या संस्थांनी ही पद्धत उचलली आणि एका टीमचे काम दुसरीपाशी अडू लागले. आपण ऐकता ते बहुतेक शब्द या अडण्याभोवतीच फिरतात.

‘रिलीज ट्रेन’ हा डीन लेफिंगवेल यांनी मांडलेल्या ‘सेफ’ या चौकटीतला शब्द आहे. साधारण ५० ते १२५ माणसांच्या टीम एकाच वेळापत्रकाने चालतात. जे काम वेळेत तयार होत नाही ते पुढच्या गाडीने जाते, त्याच्यासाठी गाडी थांबत नाही. आठ ते बारा आठवड्यांचा एक टप्पा म्हणजे पीआय, आणि त्याच्या आरंभी सर्व टीम दोन दिवस एकत्र बसून आखणी करतात ते पीआय प्लॅनिंग.

तेथील डिपेंडन्सी बोर्ड मात्र नीट पाहा. प्रत्येक टीमची एक आडवी ओळ, प्रत्येक स्प्रिंटचा (पीआयमधील छोट्या ठरावीक टप्प्याचा) एक उभा रकाना, आणि जेथे एकीचे काम दुसरीवर अवलंबून आहे तेथे दोन कार्डांना जोडणारा लाल दोरा. समजा, मोबाइल ॲपच्या टीमने ‘खाते गोठवणे’ ही सोय दुसऱ्या स्प्रिंटमध्ये लावली आहे, आणि तिच्या कार्डाचा दोरा पेमेंट टीमच्या चौथ्या स्प्रिंटमधील कार्डाकडे जातो. याचा अर्थ, जी वस्तू अजून हाती यायची आहे तिच्या भरवशावर वचन दिले गेले आहे. टेस्टरला हे इतरांआधी दिसते, कारण अर्धवट जोडलेले काम शेवटी त्याच्याच टेबलावर येते.

डब्ल्यूएसजेएफ हा क्रम ठरवण्याचा हिशेब आहे. उपयुक्तता, निकड आणि जोखीम कमी होणे यांच्या गुणांची बेरीज कामाच्या आकाराने भागायची. ८, ५ आणि ३ मिळून १६, आकार ८, तर उत्तर २. दुसऱ्या कामाचे ५, ५ आणि २ मिळून १२, पण आकार ३, तर उत्तर ४. म्हणून दुसरे काम आधी. हे गुण अंदाजाचे असतात. दशांशापर्यंत वाद घालण्यात अर्थ नाही.

दोरे दिसणे वेगळे आणि कमी होणे वेगळे. क्रेग लार्मन आणि बास वोडे यांची ‘लेस’ ही चौकट नेमके येथेच वेगळे वळण घेते : आठपर्यंत टीम, सर्वांचा एकच बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), तिचा क्रम ठरवणारा एकच प्रॉडक्ट ओनर, आणि एकेक भाग सांभाळणाऱ्या टीमऐवजी ग्राहकाला हवी ती सोय आरंभापासून अखेरपर्यंत पूर्ण करणारी टीम. संस्थेत माणसांची विभागणी जशी असते तशीच रचना तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरते, असे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहिले होते. (टीमला ‘स्क्वॉड’ आणि विभागाला ‘ट्राइब’ म्हटल्याने ही विभागणी बदलत नाही, कित्येक ठिकाणी पाट्याच तेवढ्या बदलल्या जातात.)

तेव्हा सलग तीन पीआयमधील लाल दोरे मोजून ठेवा. आकडा घटत नसेल, तर दोष आखणीत नसून टीमच्या सीमारेषांत आहे, असे मी मानतो. आणि तो प्रश्न रिलीज ट्रेन इंजिनिअरपुढे, म्हणजे साऱ्या ट्रेनचा समन्वय पाहणाऱ्यापुढे, आकड्यांसह मांडता येईल. प्लॅनिंगच्या अखेरीस योजनेवर किती विश्वास आहे हे प्रत्येकाने एक ते पाच बोटांनी दाखवायचे असते, पाच म्हणजे पूर्ण विश्वास. ॲपच्या त्या कार्डाचा दोरा तेव्हाही चौथ्या स्प्रिंटकडेच जात असेल, तर दोनच बोटे दाखवा. तसे करणाऱ्याला कारण सांगण्याची संधी द्यावी, असे त्या पद्धतीतच अपेक्षित आहे.